चौथीच्या पटावरची एकोणीस मुलं

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, माझ्या उजव्या हाताला बसलेले शिक्षणाधिकारी साहेब, ज्यांनी मला इथे यायची गळ घातली ते मुख्याध्यापक सर, शाळा समितीचे सदस्य, तालुक्यातल्या निरनिराळ्या शाळांमधून वेळ काढून आलेले शिक्षक बंधू-भगिनी, पालक, खुर्च्या संपल्यामुळे मागच्या दारात उभ्या राहिलेल्या माजी विद्यार्थिनी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आपल्या बाई, सर्वांना माझा नमस्कार.

माईक जरा खाली करतो. माझ्याआधी बोलले ते सर उंच होते.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख फार मोठी करून दिली. शैक्षणिक नियोजनातला अधिकारी माणूस, नियोजन विभागाचे संचालक, अमुक योजनेचे शिल्पकार वगैरे. ऐकताना मला वाटत होतं, हा गृहस्थ कोण, एकदा भेटायला हवं. माझ्या कार्यालयात मला ‘तक्तेसाहेब’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण कार्यालयाच्या भिंती पातळ आहेत. मला तक्त्याशिवाय काही सुचत नाही, घरी भाजीची यादीसुद्धा मी रकाने आखून करतो, हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हा शिल्पकारबिल्पकार काही नाही. मी आडव्या-उभ्या रेघा मारणारा माणूस आहे.

मुख्याध्यापक सरांच्या पत्रात एक वाक्य होतं, ‘बाईंच्या कार्याशी आपला जवळून परिचय असल्याने आपण दोन शब्द बोलावेत.’ सर, तुम्ही हे वाक्य प्रत्येक पाहुण्याला लिहीत असणार. माझ्या बाबतीत ते खरं आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं. मी मघाशी तुमच्या खोलीत चहा घेताना त्यांना विचारलं, की माझं नाव पाहुण्यांच्या यादीत आलं तेव्हा तुम्ही खोडलं कसं नाहीत? त्या म्हणाल्या, “एरवी तुम्ही कधी आला असतात?”

मी चहा तेवढा संपवला.

मी भाषण लिहून आणलं होतं. हे पाहा, चार पानं आहेत. विकसनशील देशात शिक्षणाचं नियोजन कसं करावं, त्यात सेवाभावी शिक्षकांचं स्थान काय, असं चांगलं गुळगुळीत भाषण आहे. त्यातला एक भाग तरी सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. शिक्षकांना कंटाळा येईल, पण तुम्ही रोज मुलांना कंटाळा आणता, आज थोडा सोसा.

ज्या देशात वर्ग कमी आणि मुलं फार असतात तिथे आधी काय बांधायचं हे ठरवावं लागतं. ते ठरवायच्या तीन मोठ्या विचारसरणी आम्हाला शिकवल्या गेल्या. एक म्हणते, देशाला पुढे किती गवंडी, किती परिचारिका, किती अभियंते लागतील ते मोजा आणि तेवढ्यांपुरत्या शाळा काढा. दुसरी म्हणते, कोणत्या शिक्षणातून समाजाच्या पदरात जास्त पडतं ते बघा. तिसरी म्हणते, लोकांना काय शिकायचं आहे ते ऐका, जिथे मागणी आहे तिथे वर्ग द्या. तिसरी सगळ्यांत भोळी, असं आम्ही वर्गात हसून म्हणत असू. लोक काय, काहीही मागतील. मी परदेशात नऊ महिने राहून हे शिकून आलो. येताना बरोबर एक पद्धत घेऊन आलो आणि तिच्यावर माझा फार जीव होता.

पद्धत अशी. पहिलीत हजार मुलं आली असं धरा. त्यांतली किती दुसरीत गेली, किती त्याच वर्गात रखडली, किती गळली, असं दर वर्षाचं गणित मांडत जायचं. शेवटी किती बाहेर पडली ते पाहून कोणती शाळा कामाची आणि कोणती बिनकामाची हे कळतं. ती हजार मुलं कागदावरची. त्यांना ताप येत नाही, त्यांची आई कामाला जात नाही. खरं सांगतो, त्या काळात माझी मुलगी पहिलीत होती आणि ती कुठल्या तुकडीत आहे हे मला सांगता आलं नसतं. पण त्या हजारांतलं शेवटचं मूल कुठे आहे ते मला पाठ होतं.

ही चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याची दहा वर्षांची योजना करायचं काम माझ्याकडे आलं. चारशे बारा शाळांचे माहितीचे नमुने माझ्या टेबलावर आले. त्यांत शाळा क्रमांक दोनशे सतरा. दगडाच्या खाणीमागे एक वस्ती आहे, तिथली. दोन खोल्या, एक शिक्षिका, वर्ग चौथीपर्यंत. चौथीत एकतीस मुलं, आणि त्यांतली एकोणीस त्याच वर्गात दुसऱ्यांदा, काही तर तिसऱ्यांदा. म्हणजे शंभरात एकसष्ट मुलं रखडलेली. जिल्ह्यात एवढी वाईट शाळा दुसरी नव्हती.

मला दुःख झालं असेल असं तुम्हाला वाटेल. मला आनंद झाला होता. माझ्या पद्धतीला एक ठसठशीत उदाहरण हवं होतं आणि ते आयतं मिळालं. मी नकाशावर दोनशे सतराला लाल रंग दिला, त्याच रात्री नव्हे, लगेच, जेवणाच्या सुट्टीआधी.

दोनशे सतरा क्रमांकाच्या त्या शिक्षिका म्हणजे आपल्या बाई.

अध्यक्ष महोदय, मी विषय सोडून बोलतो आहे असं आपल्याला वाटत असेल. माझा विषय हाच आहे.

तर मी त्या शाळेला भेट दिली. चाळीस मिनिटं, माझ्या दौऱ्याच्या नोंदीत आहे. खाणीचे ट्रक जातात त्याच रस्त्याने जीप नेली, धुरळ्याने माझा शर्ट पांढऱ्याचा करडा झाला. बाई तेव्हा अशाच होत्या, बारीक, डोळ्यांवर चष्मा नव्हता एवढंच. खोलीत मागच्या रांगेत एक उंच मुलगी बसली होती. इतरांपेक्षा वीतभर उंच. मी तिला उभं केलं आणि चौथीचं गणित घातलं. तिने बोटांवर न मोजता, वर बघत उत्तर दिलं. दुसरं घातलं, तेही दिलं. मग मला म्हणाली, “पाचवीतलं विचारा ना.”

मी हसलो. हो, मला गंमत वाटली. वहीत लिहिलं, ‘विद्यार्थ्यांची गुणवत्ता समाधानकारक.’ आणि बाहेर आलो. परत येताना जीपच्या चालकाने मला विचारलं, “साहेब, एवढी हुशार पोर नापास कशी काय झाली?” त्या माणसाने शाळेच्या खिडकीतून पाच मिनिटं डोकावलं होतं. तो शिकला होता जेमतेम सातवी. नियोजनातला जो प्रश्न मला पडायला हवा होता तो त्याला पडला. मी त्याला रस्त्याकडे लक्ष द्यायला सांगितलं.

आठ दिवसांनी बाईंचं पत्र आलं. ते मी आज आणलं आहे, अभिलेखातून सही करून काढलं. बाई, तुमची परवानगी मघाशी घेतली आहे, तरी पुन्हा घेतो. वाचू?

त्यांनी मान हलवली. वाचतो.

‘साहेबांस नमस्कार. आपण शाळा पाहून गेलात. त्या दिवशी बोलायचा धीर झाला नाही. चौथीतली एकोणीस मुलं नापास नाहीत. सगळी पास आहेत. आमच्या शाळेत पाचवी नाही. पाचवीची शाळा सहा किलोमीटरवर आहे आणि वाट ट्रकांची आहे. पटावरून नाव कमी केलं की मूल दुसऱ्या दिवशी खाणीवर जातं, हे मी तीन वर्षं पाहिलं. म्हणून मी त्यांना नापास दाखवून चौथीतच ठेवलं आहे आणि मागच्या रांगेला पाचवीची-सहावीची पुस्तकं शिकवते. नोंद खोटी आहे, ती माझी चूक आहे. तिची शिक्षा मला करावी, पण इथे पाचवीचा वर्ग द्यावा.’

एवढंच पत्र आहे. खाली सही.

आता शिक्षकांनो, तुम्हाला मी वेगळं काय समजावू? मी ज्याला नापास होणं समजत होतो ती मागणी होती. एकोणीस घरं सांगत होती की आम्हाला पुढे शिकायचं आहे, आणि सांगायला दुसरा रकाना नव्हता म्हणून ‘नापास’च्या रकान्यात सांगत होती. तिसरी विचारसरणी, ती भोळी, माझ्या टेबलावर बाईंच्या अक्षरात पडली होती.

मी हे सगळं नंतर कळलं असं म्हणू शकतो. अशा समारंभात तसं म्हणतात. नंतर डोळे उघडले वगैरे. पण बाई इथे बसल्या आहेत आणि त्यांच्यासमोर खोटं बोलायला माझी जीभ रेटत नाही. मला पत्र वाचताक्षणी कळलं. पहिल्यांदाच, पुरतं कळलं. आणि मी घाबरलो. कारण दोनशे सतरामधली एकोणीस मुलं पास असतील, तर उरलेल्या चारशे अकरा शाळांचं काय? तिथली रखडलेली मुलं तरी नापास कशावरून? माझ्या सगळ्या योजनेवर पाणी पडलं असतं. चार दिवसांनी समितीपुढे मांडणी होती. नकाशे रंगवून झाले होते.

म्हणून मी या पत्राच्या समासात लिहिलं. हे माझं अक्षर आहे, बघा, तेव्हा चांगलं होतं. ‘विहित नमुन्यात नाही. दप्तरी दाखल.’

जरा पाणी घेतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मलाच ते सांगायची लाज वाटते. समितीने योजना मंजूर केली. दोनशे सतरा बंद करून सहा किलोमीटरवरच्या शाळेत विलीन केली. त्या समितीत कोणीतरी विचारलं होतं की शिक्षिकेचं काय करायचं, आणि मी, या बाईंनी विश्वासाने लिहिलेलं पत्र उघडून, त्यातलं एकच वाक्य वाचून दाखवलं. ‘नोंद खोटी आहे, ती माझी चूक आहे.’ पुढचं वाचलं नाही. बाईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला. बदली झाली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. या शेऱ्यामुळे त्या कधी मुख्याध्यापिका होऊ शकल्या नाहीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दोन शिक्षक आज मुख्याध्यापक आहेत, त्यांतले एक हे व्यासपीठावर बसले आहेत. सर, तुम्ही मान खाली घालू नका, तुमचा काही दोष नाही.

एकोणीस मुलांपैकी त्या लांबच्या शाळेत चार पोचली. ती उंच मुलगी त्या चौघांत नव्हती. आणि पंधरा गेली ती माझ्या पुढच्या तक्त्यात गळती म्हणूनसुद्धा दिसली नाहीत. कशी दिसणार? शाळाच नाही म्हणून ओळ नाही, ओळ नाही म्हणून गळती नाही. उलट, सगळ्यांत वाईट शाळा कमी झाल्याने जिल्ह्याची टक्केवारी सुधारली. योजना यशस्वी ठरली. मघाशी सूत्रसंचालकांनी मला जिचे शिल्पकार म्हटलं, ती हीच योजना. तिच्यावर मला बढती मिळाली. आजही नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात दोनशे सतरा हे उदाहरण शिकवतात, आणि गेली कित्येक वर्षं मीच शिकवतो.

इतकी वर्षं काय केलंस, असं बाईंच्या धाकट्या भगिनींच्या चेहऱ्यावर मला दिसतंय. पहिल्या रांगेत आहेत, मी आल्यापासून हाताची घडी सोडलेली नाही त्यांनी. काही केलं नाही, ताई. आधी बढतीचं निमित्त होतं, मग आता फार उशीर झाला हे निमित्त होतं. एक गोष्ट मात्र केली, या निमंत्रणानंतर. बाईंचा तो शेरा रद्द करायचा अधिकार संचालक म्हणून मलाच आहे. कार्यालय सुटेपर्यंत बाई सेवेत आहेत, तोवरच तो वापरता येतो. आज सकाळी मी आदेशावर सही केली. शेरा निराधार होता, रद्द करण्यात येत आहे. कृपया टाळ्या नकोत. नका, खरंच नका वाजवू, पुढचं ऐका.

तो कागद मी मघाशी मोठ्या अदबीने बाईंच्या हातात दिला. मनात म्हणत होतो, आता त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, माझ्या येईल, आणि मी सुटेन. बाईंनी चष्मा लावला. शांतपणे वाचला. घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि मला विचारलं, “आणि पाचवी?”

मला क्षणभर कळेना. मग त्यांनी सांगितलं. खाणीमागची शाळा आठ वर्षांनी पुन्हा उघडली, लोकांनी फार खटपट केली म्हणून, पण चौथीपर्यंतच. अजून तशीच आहे. ती उंच मुलगी आज इथे येणार होती, तिला कामावरून सुट्टी मिळाली नाही. तिची धाकटी मुलगी त्याच शाळेत आहे. चौथीत. दुसऱ्यांदा.

बाईंनी माझं नाव यादीत राहू दिलं ते सत्कारासाठी नाही आणि माझ्या कागदासाठीही नाही. चोवीस वर्षांपूर्वी केलेल्या अर्जाचं उत्तर मागायला राहू दिलं. आणि माझ्याजवळ त्याचा कागद नाही. मी बाईंना काय हवं असेल याचा विचार केला तोही माझ्यापुरता केला.

आता मी एक करणार आहे, आणि अध्यक्ष महोदयांची त्याला संमती असावी. समोर तालुक्यातले साठ-सत्तर शिक्षक बसले आहेत. मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमच्या शाळेच्या शेवटच्या वर्गात, पास होऊनही, पुढचा वर्ग जवळ नाही म्हणून पटावर थांबवून ठेवलेली मुलं किती जणांकडे आहेत? कोणावर कारवाई होणार नाही, हा माझा शब्द. शिक्षणाधिकारी साहेब, हरकत नाही ना? साहेबांनी मान हलवली, सगळ्यांनी पाहिली. हात वर करा.

कोणी नाही.

बरोबर आहे. माझ्यासारख्याच्या शब्दावर कशाला विश्वास ठेवाल? अशाच एकीने ठेवला होता. असू द्या, मी आग्रह...

बाई? तुमचा हात? अहो, या शाळेतही?

बसा बसा, बसूनच सांगा. सातवीत सहा मुली. इथे आठवी नाही म्हणून. बाई, शेरा पुसल्याचा कागद हातात पडून अजून दोन तास झाले नाहीत. हसताय काय सगळे, साहेब कपाळाला हात लावून बसले आहेत. थांबा, मी लिहून घेतो. हे माझं भाषण, याची मागची बाजू कोरी आहे. बाई, सहा.

खिडकीशी त्या बाई, किती? चार. खांबाआडचे सर, जरा पुढे या, दिसत नाही. नऊ. तुम्ही दोघे शेजारी-शेजारी बसला आहात, एकमेकांकडे बघू नका, सांगा. पाच. आणि तुमची सात. दाराजवळ? अकरा. अकरा? बरं. आणखी कोणी? त्या तरुण शिक्षिका, नोकरी नवी दिसते, तरी हात वर केलात. सहा.

अठ्ठेचाळीस. या एका दिवाणखान्याएवढ्या सभागृहात अठ्ठेचाळीस मुलं निघाली. माझ्या यंदाच्या तक्त्यात ही सगळी नापास आहेत. हे विहित नमुन्यात नाही, तरी मी ते घेऊन जातो आहे. मला सेवेचे आठ महिने उरलेत. नमुन्यात एक रकाना वाढवायचा आहे, ‘पुढचा वर्ग नसल्याने थांबलेली मुलं’, आणि खाणीमागच्या पाचवीचा प्रस्ताव उद्या सकाळी माझ्या टेबलावर सगळ्यांत वर असेल. होईलच असं म्हणत नाही. प्रस्ताव आणि वर्ग यांच्यामध्ये काय काय असतं हे या व्यासपीठावर माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, कारण मीच तिथे बसत आलो.

बराच वेळ घेतला. घड्याळाकडे बघणाऱ्यांचे विशेष आभार, त्यांनी घड्याळ दाखवलं नाही. मुख्याध्यापक सरांचे, अध्यक्षांचे, चहा देणाऱ्या मावशींचे आणि हात वर करणाऱ्या सातही जणांचे मनापासून आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल, क्रम चुकला असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं.

बाई, तुमच्याकडे मात्र मी आज क्षमा मागत नाही. रिकाम्या हाताने मागायची नाही. खाणीमागे पाचवीचा वर्ग भरेल त्या दिवशी तिथे येईन आणि मुलांसमोर मागेन. तोवर माझं नाव तुमच्या चौथीच्या पटावर नापासांत लिहून ठेवा. ही नोंद खरी असेल.

नमस्कार.